रोजच्या वापराला एकच क्लासिक लो-टॉप स्नीकर: कोणता घ्यावा?

स्लो_लोकल

मंडळी, रोज घालायला एक साधा लो-टॉप (घोट्याखालीच संपणारा) स्नीकर घ्यायचाय. पळायचा नको, फुगलेल्या सोलचा नको. जीन्सवर चालावा आणि ऑफिसात चिनोजवरही खपून जावा, शक्यतो पांढरा.

वापर असा आहे: ठाणे ते परळ लोकल, दोन्हीकडे मिळून रोज चारेक किलोमीटर चालणं, पुलांचे जिने वेगळे. दिवसातले दहा-अकरा तास बूट पायातच. पाऊल चवड्याला रुंद आहे आणि उजवं डाव्यापेक्षा किंचित मोठं. बजेट आठ हजार, फारच पटलं तर दहा.

यादीत सध्या अ‍ॅडिडासचे स्टॅन स्मिथ, सुपरस्टार आणि सांबा, नायकीचा एअर फोर्स वन, रीबॉकचा क्लब सी ८५, प्यूमा स्वेड, व्हॅन्सचा ओल्ड स्कूल आणि कॉन्व्हर्सचा ऑल स्टार आहेत. रिव्ह्यू वाचले तर आठही "बेस्ट" निघतात, म्हणून इथे विचारतोय. मुंबईच्या हवेत आणि गर्दीत टिकतो कोणता? रुंद पायाला बसतो कोणता? चामडं घ्यावं की कॅनव्हास? पावसाळ्याचं काय करायचं?

सोलपूरकर

यादी जरा बाजूला ठेवा. दुकानात बूट हातात घेतलात की सोल अपरला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, कसा जोडलाय ते आधी बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

या बुटांत दोनच घराणी आहेत. पहिलं कपसोलचं. रबराची वाटी साच्यातून आधीच काढलेली असते, तिच्यात अपर बसवून चिकटवतात आणि वाटीच्या कडेतून आरपार शिवतात. स्टॅन स्मिथ, सुपरस्टार, एअर फोर्स वन, क्लब सी, प्यूमा स्वेड हे सगळे या घरचे. दुसरं घराणं व्हल्कनाइज्ड. अपरला तळ लावतात, भोवती कच्च्या रबराची पट्टी गुंडाळतात आणि अख्खा बूट भट्टीत घालतात. गंधक मिसळलेलं ते रबर उष्णतेने पक्कं होतं आणि अपरला धरतं. ऑल स्टार आणि व्हॅन्सचे ऑथेंटिक, ओल्ड स्कूल या घरचे.

व्हल्कनाइज्ड बूट हलका, लवचिक आणि दिसायला सडपातळ. पण त्याची पट्टी शिवलेली नसते, सगळा भार पकडीवर. करंगळीच्या बुडाशी बूट प्रत्येक पावलाला दुमडतो आणि पट्टी पहिल्यांदा तिथेच सुटते. चार किलोमीटर म्हणजे पाच-सहा हजार पावलं, वर जिने. शिवाय तळ पातळ, त्यामुळे दिवसभर सिमेंटच्या फलाटावर उभं राहून टाच बोलायला लागते. तुमच्या वापराला कपसोलच घ्या.

शिलाई खरी की दिखाऊ हे तपासायला दोन मिनिटं लागतात. स्वस्त बुटांत टाक्यांची नक्षी साच्यातच उठवलेली असते. सोलच्या कडेला जी खोबण असते तिच्यात नख फिरवा. खरा दोरा असेल तर नख टाक्याटाक्याला अडतं, आणि दोरा जिथे आत शिरतो तिथे रबर बारीकसं आत ओढलेलं दिसतं. नक्षी असेल तर नख खडबडीत रबरावरून सरळ निघून जातं. तरी शंका असेल आणि इनसोल (पायाखालची आतली गादी) चिकटवलेला नसेल तर तो उचला. आत कडेकडेने दोऱ्याची रांग फिरलेली दिसली की शिलाई आरपार आहे. आत कोरं असेल तर बाहेरचे टाके नुसती रांगोळी.

मग एक हात टाचेला आणि एक टोकाला धरून बूट वाकवा. तो चवड्याशी वाकला पाहिजे, म्हणजे टोकापासून साधारण एक-तृतीयांशावर. मधल्या कमानीखाली घडी पडत असेल तर आतला आधार कच्चा आहे, पाय दुखणार. वाकवलेल्या स्थितीत सोल आणि अपरच्या सांध्यात फट उघडते का तेही बघून घ्या. नव्या बुटात फट दिसली तर तो बूट तिथेच ठेवून या.

आणि प्रत्येक बुटाचा मूळ धंदा लक्षात ठेवा. सांबा १९५० च्या सुमारास गोठलेल्या मैदानावर फुटबॉल खेळायला काढलेला, म्हणून त्याचा फर्मा (ज्यावर बूट घडवतात तो पायाचा साचा) अरुंद आणि तळ बसका. रुंद चवड्याला तो करंगळीवर चावतो, यादीतून काढा. एअर फोर्स वन १९८२ चा, बास्केटबॉलचा. उड्या झेलायला केलेला, त्यामुळे रुंद आणि दणकट. पण जड, आणि मे महिन्यात पायात भट्टी. सुपरस्टार १९६९ पासूनचा, तोही बास्केटबॉलचाच. त्याचं रबरी शिंपल्याचं टोक लोकलमध्ये सोन्याच्या मोलाचं आहे. कोणी कितीही पाय दिला तरी अंगठा शाबूत. मात्र ते टोक जन्मात सैल होत नाही. रुंद पायाला त्याची मागची कडा दुमडणीच्या जागी टोचू शकते, दुकानात दहा मिनिटं चालल्याशिवाय घेऊ नका. स्टॅन स्मिथ आणि क्लब सी दोन्ही टेनिसचे, दोन्ही पुढून गोल आणि मोकळे.

माझं मत विचाराल तर आधी क्लब सी ८५, मग स्टॅन स्मिथ. क्लब सीचं चामडं पहिल्या दिवसापासून मऊ असतं, तेच रुंद पायाच्या पथ्यावर पडतं.

कातडीबचाव

सोलपूरकरांनी तळ सांगितला, मी वरचं सांगतो. "लेदर" या शब्दाखाली दुकानात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

युरोपातही विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आत किंवा डब्यावर छोटी चित्रं असतात. अपर, अस्तर आणि तळ, प्रत्येकासमोर एक चिन्ह. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकारात हिरा (पत्त्यांतल्या चौकटसारखा) असेल तर कोटेड चामडं, म्हणजे वर ०.१५ मिमीपेक्षा जाड थर दिलेलं, पण तो थर एकूण जाडीच्या एक-तृतीयांशाच्या आतला. नुसता हिरा म्हणजे बाकी काहीही, बहुधा कृत्रिम. जाळी म्हणजे कापड. विक्रेता काय म्हणतो त्यापेक्षा हे चित्र वाचा.

चित्र नसेल तर अंगठा दाबा. खऱ्या चामड्यावर दाबाभोवती बारीक सुरकुत्या किरणांसारख्या पसरतात. कृत्रिम अपर नुसतं खाली दबतं आणि अंगठा उचलला की गुळगुळीत होऊन परत येतं. जाड कोटिंगवर सुरकुत्या येतात पण ठळक आणि तुटक. पुढे तिथेच भेगा जातात.

स्टॅन स्मिथ घेणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं: २०२१ पासून कंपनीने नेहमीचा स्टॅन स्मिथ पुनर्वापर केलेल्या साहित्याच्या कृत्रिम अपरमध्ये आणला. चामड्याचा हवा असेल तर लक्स नावाची आवृत्ती आहे, ती महाग. "स्टॅन स्मिथ म्हणजे लेदर" हे डोक्यात धरून ऑनलाइन मागवाल तर फसाल. मॉडेलच्या माहितीत अपरची ओळ वाचा.

आता मुंबईच्या हवेत कोणतं बरं? मी तरी चामडंच म्हणेन. ते पायाच्या आकाराला वळतं, घाम थोडा तरी बाहेर सोडतं, आणि सुरकुती पडली तरी सोलपटत नाही. कृत्रिम अपर ओल्या फडक्याने पटकन साफ होतं, बुरशीही कमी धरतं. पण हलक्या प्रतीच्या पॉलियुरेथेनच्या थराला दमट हवा सोसत नाही. दोन-तीन वर्षांत दुमडणीवर पापुद्रे निघायला लागतात आणि त्यावर इलाज नाही. स्वेडचा, म्हणजे लव असलेल्या चामड्याचा, विचार सोडा. प्यूमा स्वेड देखणा बूट आहे, १९६८ पासून चाललाय, पण फलाटावरची धूळ आणि घाम यांच्यापुढे त्याची लव महिन्याभरात बसते. ओल्ड स्कूलच्या टोकालाही स्वेडच आहे.

कॅनव्हासप्रेमी

आठ-दहा हजारांची चर्चा चाललीय म्हणून दुसरी बाजू मांडतो. ऑल स्टार लो चार-पाच हजारांत येतो. भारतीय कंपन्यांचे साधे पांढरे कॅनव्हास बूट त्याच्या निम्म्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवर जीएसटी ५ टक्के आहे, वरच्यांवर १८. त्यामुळे तर अंतर अजून वाढलंय. एका चामडी जोडाच्या पैशांत कॅनव्हासचे दोन जोड घ्या आणि आलटून पालटून घाला. एका दिवसाआड घातलेला बूट पूर्ण सुकतो, वास येत नाही आणि दोन्ही मिळून जास्त टिकतात. कॅनव्हास घरी धुता येतो आणि रात्रभर पंख्याखाली सुकतो, हे चामड्याला जमतं का?

दोन सूचना. ऑल स्टार नेहमीच्या मापापेक्षा लांब येतो, अर्धा नंबर कमी बघा. आणि नव्या ऑल स्टारच्या तळाला मखमलीसारखा पातळ थर असतो. तो झिजेपर्यंत मॉलच्या किंवा स्टेशनच्या गुळगुळीत लादीवर जपून. घराबाहेरच्या खरखरीत सिमेंटवर दहा मिनिटं पाय घासले की प्रश्न मिटतो.

सोल पातळ आहे हे मान्य. ऑल स्टारपेक्षा त्याच कंपनीचा चक ७० घ्या, कापड जाड आणि आत गादीही बरी. किंमत मात्र वर जाते.

सोलपूरकर

कॅनव्हासप्रेमी, दोन जोड आलटून पालटून घालायचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो चामड्यालाही तितकाच लागू. एकच जोड रोज दहा तास घातला तर आतला घाम चोवीस तासांत सुकत नाही आणि मग अस्तर टाचेपाशी फाटतं. धागाकर्त्यांकडे दुसरे काही ना काही बूट असतीलच. आठवड्यातले दोन दिवस तरी ते घाला.

फूटपट्टी

मापाचं कोणी नीट बोललंच नाही. निम्मे बूट चुकीच्या नंबरापायी बदनाम होतात.

संध्याकाळी सहानंतर मोजा, दिवसभरात पाऊल सुजतं. भिंतीला लागून जमिनीवर कागद चिकटवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवा. पेन्सिल अगदी उभी धरून सर्वांत पुढच्या बोटाशी खूण करा. हे बोट अंगठाच असतं असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं. पेन्सिल तिरपी झाली की चार-पाच मिलिमीटर इकडचे तिकडे होतात, आणि यूकेचा अर्धा नंबर म्हणजे जेमतेम ४.२ मिमी. म्हणजे तिरप्या पेन्सिलीने अख्खा अर्धा नंबर चुकतो. दुसऱ्याकडून खूण करून घेतली तर उत्तम, आपण वाकलो की पाऊल सरकतं.

दोन्ही पावलं मोजा आणि मोठ्या पावलाचा नंबर धरा. लहान पावलाच्या बुटात दोन-तीन मिमीचा जादा पातळ इनसोल टाकला की काम होतं. उलटं करू नका, घट्ट बूट सैल होईल या आशेवर नखं काळी होतात.

मग डब्यावरचा यूके नंबर नाही, सेंटीमीटर वाचा. यूके ८ सगळीकडे एक नाही: अ‍ॅडिडासचा यूके ८ म्हणजे २६.५ सेंमी, नायकीचा यूके ८ म्हणजे २७. युरो नंबरची पायरी ६.६७ मिमीची आणि यूकेची ८.४७ची, दोन्ही पट्ट्या कधीच नीट जुळत नाहीत. म्हणून तर अ‍ॅडिडासच्या डब्यावर ४२ २/३ असले अपूर्णांक दिसतात. पाऊल २६ सेंमी असेल तर लेबलवर २६.५ पासून सुरुवात करा आणि मॉडेलप्रमाणे अर्ध्याने हला. स्टॅन स्मिथ आणि सुपरस्टार बहुतेकांना अर्धा नंबर मोठे येतात. क्लब सी साधारण बरोबर.

उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १० मिमी जागा हवी. टाच नव्या बुटात पाच मिमीपर्यंत उचलली तर घाबरू नका, सोल वाकायला लागला की ते कमी होतं. रुंदीची परीक्षा वेगळी: आतला इनसोल सुटा असेल तर बाहेर काढा आणि त्यावर मोज्यासकट उभे राहा. चवडा इनसोलच्या कडेबाहेर दोन्हीकडून ओघळत असेल तर तो फर्मा तुमच्यासाठी नाही. रुंदीसाठी लांबीचा नंबर वाढवायची चूक सगळे करतात. मग बूट चुकीच्या जागी वाकतो, चवड्याच्या पुढे, आणि टोकाशी चपटा होऊन जोकरसारखा दिसतो.

लेस बांधण्यातही थोडी सवलत मिळते. खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकांमध्ये लेस आडवी न ओलांडता आपापल्या बाजूनेच सरळ वर न्या आणि तिथून पुढे नेहमीसारखी ओलांडा. चवड्यावरचा दाब लगेच कमी होतो.

स्लो_लोकल

सर्वांचे आभार. सांबा, स्वेड, ओल्ड स्कूल यादीतून गेले. फूटपट्टींच्या पद्धतीने मोजलं: डावं २६.१, उजवं २६.४. आता क्लब सी आणि सुपरस्टारमध्ये आहे.

तीन प्रश्न उरले. एक, नवा बूट आणला की मोच्याकडून सोल शिवून घ्यावा असं सगळे सांगतात, खरंच गरज आहे का? दोन, लिंकिंग रोड, कुलाबा कॉजवे वगैरे ठिकाणी हेच बूट दोन हजारांत दिसतात, ते काय असतं? तीन, जुलैच्या सेलमध्ये घेऊन ऑक्टोबरपर्यंत ठेवून दिला तर?

पुलाखालचा

पहिल्याचं उत्तर: कपसोल आधीच शिवलेला असेल तर अजिबात शिवू नका. मोच्याचा दाभण जाड, त्याची नवीन भोकं कंपनीच्या टाक्यांच्या शेजारून जातात आणि दोन रांगांमधली रबराची भिंत पातळ होते. मग तीच फाटते. व्हल्कनाइज्ड बूट शिवला तर तळातून भोकं पाडल्यासारखंच आहे, पहिल्या सरीत मोजा ओला. शिवून घ्यायचा तो फक्त नुसता चिकटवलेला, सपाट कडेचा स्वस्त बूट. त्याला शिलाईने खरंच आयुष्य मिळतं.

सांधा कुठे थोडा उघडलाच तर फेविक्विक लावू नका. ते सुकून काचेसारखं कडक होतं आणि दुमडणीवर तडकतं. वर त्याचा कडक थर खरवडल्याशिवाय पुढचं काही धरत नाही. मोची ज्याला सोल्यूशन म्हणतात ते रबरावर आधारलेलं चिकटद्रव्य वापरा. पद्धत: फट उघडून आतली माती ब्रशने काढा, दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करा, पुसून पूर्ण सुकू द्या. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशी अवस्था आली की एकदाच जोराने दाबा आणि दोरी किंवा रबराने रात्रभर बांधून ठेवा. ओलं असतानाच दाबणं ही नेहमीची चूक. आतला द्राव उडून जायला वाट मिळत नाही आणि सांधा आठवड्यात सुटतो.

दुसरं: रस्त्यावर दोन हजारांत मिळतात ते नकली, "फर्स्ट कॉपी" म्हणा नाहीतर आणखी काही. त्यात सोल बहुधा हलक्या पीव्हीसीचा, ओल्या लादीवर साबणासारखा घसरतो. खरा आहे असा कोणी दावा केला तर जिभेच्या आतल्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि डब्यावरचा क्रमांक ताडून पाहा, मग तो क्रमांक फोनवर शोधा. रंगासकट तोच बूट समोर आला पाहिजे. नायकीचा क्रमांक सहा अक्षरं-अंक, मग आडवी रेघ, मग तीन अंक असा असतो. डावा-उजवा बूट शेजारी ठेवून दोन्हींच्या टाचेच्या मागचा भाग समान उंचीचा आहे का तेही बघा. नकलेत तिथे हमखास फरक निघतो.

ब्रँडचा हट्ट नसेल तर मुंबईत चांगला पर्याय आहे. धारावीच्या चामड्याच्या दुकानांतून किंवा ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या कारखान्यांकडून साधा बिनचिन्हाचा पांढरा चामडी स्नीकर मिळू शकतो. तिथे विचारायचं ते इतकंच: सोल रबराचा की पीव्हीसीचा, शिवलेला की नुसता चिकटवलेला, आणि आतलं अस्तर चामड्याचं की फोम-कापडाचं. रबराचा सोल नखाने दाबला की दबून परत येतो.

जुलैचा_वैरी

सेल आणि पावसाळा या दोन्हीचं एकत्र सांगतो, कारण प्रश्न एकच आहे: दमट हवा.

जुलैच्या सेलमध्ये घ्यायला हरकत नाही, पण डब्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा, एमआरपीजवळच छापलेला असतो. पॉलियुरेथेनचा मिडसोल (सोलमधला फोमचा थर) असलेला बूट दोन-तीन वर्षं गोदामात पडून असेल तर सूट कितीही असो, नको. हवेतल्या ओलाव्याने तो फोम आतल्या आत कुजतो आणि न वापरलेला बूटसुद्धा पहिल्याच फेरीत खारीच्या बिस्किटासारखा भुरभुरतो. निव्वळ रबराच्या कपसोलला ही भीती नाही. दुसरं, बदलून द्यायची मुदत बघा. जुलैत घेऊन ऑक्टोबरात पायात घातला आणि चावला तर दुकान दारात उभं करणार नाही. आणल्याच्या आठवड्यात घरात स्वच्छ चटईवर मोज्यांसह रोज अर्धा तास घाला आणि तेव्हाच ठरवा.

ठेवताना पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवू नका, पुठ्ठा ओल धरतो. झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. रंग बदलणारं जेल मिळालं तर बरं: निळं गुलाबी झालं किंवा केशरी हिरवं झालं की ओल भरली. मग ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तासभर तापवलं की परत चालू. बूट पूर्ण कोरडा असेल तरच डबा बंद करायचा. घामट बूट हवाबंद केला तर बुरशीला तुम्ही घर बांधून दिलं. डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत, नुसता वास देतात, त्या नकोत.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत हा बूट घराबाहेर काढूच नये. रबरी सँडल किंवा फ्लोटर्स, आणि ऑफिसात ठेवायला एक जोड, हा जुना मुंबईचा उपायच बरोबर आहे. या बुटांचे तळ सपाट, खाचा उथळ. पाणी बाहेर जायला वाट नसते, म्हणून ओल्या फलाटाच्या कडेला आणि जिन्यावरच्या लोखंडी पट्टीवर ते घसरतात. सुपरस्टारच्या तळाची नागमोडी नक्षी थोडी बरी, पण भरवसा नको.

तरी अवेळी भिजलाच तर: लेस आणि सुटा होत असेल तर इनसोल काढा. चिखल ओला असतानाच साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा. आत पांढरा टिश्यू किंवा कोरा कागद कोंबा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या अस्तरावर उतरते. पहिल्या सहा तासांत कागद दोन-तीन वेळा बदला. पंख्याखाली, आडवा. हेअर ड्रायर, फ्रिजच्या मागची गरम जागा, ऊन, तिन्ही वर्ज्य. उष्णतेने चामडं आक्रसून कडक होतं आणि चिकटद्रव्य सैल पडतं. पूर्ण सुकायला दोन दिवस धरा, मग रंगहीन क्रीमचा पातळ हात.

बुरशी दिसली तर बूट गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसा. घरात झटकू नका, नाहीतर ती कपाटभर पसरते. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओलसर फडका फिरवा आणि सावलीत सुकवा. फडका लगेच धुवा.

कातडीबचाव

साफसफाईत एक भर. मॅजिक स्पंज म्हणून मिळतो तो मुळात बारीक पॉलिश पेपरच आहे. सोलच्या रबरावर जरूर वापरा, चामड्यावर नाही. वरची चकाकी जाते आणि तिथे मळ दुप्पट बसतो. टूथपेस्टचंही तेच. चामड्याला कोरडा मऊ ब्रश, मग पाण्यात थेंबभर शाम्पू टाकून पिळलेलं फडकं, मग नुसतं ओलं फडकं. बस.

पांढरा कॅनव्हास धुतला की पिवळा पडतो त्याचं कारण बहुतेकदा आत राहिलेली साबणाची पूड किंवा ब्लीच. तीन पाण्यांतून काढा, वर पांढरा टिश्यू गुंडाळून सावलीत सुकवा. सुकताना उरलेला मळ कापडाऐवजी टिश्यूत चढतो.

स्लो_लोकल

आज दोन्ही घालून बघितले. क्लब सी यूके ८ मध्ये चवड्याला छान, पण उजव्या पायाला अंगठ्यापुढे जेमतेम सहा-सात मिमी. यूके ८.५ मध्ये डावी टाच उचलते, अंदाजे सात-आठ मिमी. सुपरस्टारचं शिंपलं उजव्या करंगळीवर टोचतं, तो बाद. आता ८ की ८.५?

फूटपट्टी

८.५. उजव्या पावलावर ठरवायचं हे आधीच लिहिलंय. डाव्या बुटात तीन मिमीचा जादा इनसोल मूळ इनसोलच्या खाली टाका, वर नको. वर टाकला की सरकतो. मग डाव्या बुटाच्या लेसचं टोक सर्वांत वरच्या भोकात बाहेरून आत घालून त्याच बाजूला छोटा फास करा, दोन्हीकडे, आणि समोरची लेस त्या फासातून ओढून बांधा. क्लब सीला वर एक जादा भोक असेल तर तेच वापरा. टाच जागेवर बसेल. मात्र मूळ लेस आखूड पडेल, सात जोड्यांच्या भोकांना १२० ऐवजी १४० सेंमीची चपटी लेस आणा.

पुलाखालचा

आणि सोसायटीच्या दारात घाईघाईने टाच दाबून पाय सरकवायची सवय असेल तर पन्नास रुपयांचा शू हॉर्न चपलांच्या स्टँडवर टांगून ठेवा. मागचा कडक आधार एकदा मोडला की तो कुठलाच मोची परत उभा करू शकत नाही.

स्लो_लोकल

८.५ घेतला. डब्यावर उत्पादन तीन महिन्यांपूर्वीचं, अपरसमोर कातड्याचं चित्र, आत दोऱ्याची रांग अख्खी फिरलेली. जादा इनसोल टाकून डावी टाच आता तीन-चार मिमी उचलते. १४० ची पांढरी चपटी लेस दादरला कुठे मिळेल?

कॅनव्हासप्रेमी

स्टेशनबाहेर पश्चिमेला लेस-पॉलिशवाले बसतात त्यांच्याकडे. टोकाचं प्लास्टिक बारीक आहे का बघून घ्या, जाड असेल तर भोकातून जात नाही.